तीस लाख एकरांचं विधानभवन

प्रश्न : ताई, आम्ही दोघं मुलाकडे ऑस्टिनला जातोय. तो सांगतो, तिथलं कॅपिटॉल, म्हणजे टेक्सासचं विधानभवन, वॉशिंग्टनच्या कॅपिटॉलपेक्षाही उंच आहे आणि सरकारने ते पैसे न देता जमीन देऊन बांधून घेतलं. यात खरं किती? आणि आत काय बघावं? यांचे गुडघे दुखतात, त्यामुळे मोजकंच सांगा.

उत्तर : चिरंजीव थापा मारत नाहीत. उंचीचं आधी उरकते. ऑस्टिनची इमारत ३०२ फूट, वॉशिंग्टनची २८८. एवढ्या चौदा फुटांवर टेक्सासची मंडळी जन्मभर मिशीला पीळ देतात. लुइझियानाचं विधानभवन ४५० फूट आहे, हा विषय मात्र त्यांच्यापुढे काढू नका.

जमिनीची गोष्ट खरी रंगतदार. १८४५ मध्ये टेक्सास अमेरिकेत सामील झालं, तेव्हा आपली सरकारी जमीन त्याने स्वतःकडेच ठेवली होती. तिजोरीत खडखडाट, जमीन मात्र मुबलक. म्हणून राज्याच्या उत्तर टोकाची, पॅनहँडलची, तीस लाख एकर जमीन नव्या इमारतीसाठी राखून ठेवली. त्यात १८८१ मध्ये जुनं कॅपिटॉल जळालं आणि घाई झाली. शिकागोच्या काही धनिकांनी बांधकाम अंगावर घेतलं, मोबदल्यात ती जमीन घेतली. तिथे त्यांनी काढलेला ‘एक्सआयटी’ हा गुरांचा रँच दहा काउंट्यांत पसरलेला होता. एका इमारतीचं बिल!

आता दगड. मूळ बेत ऑस्टिनजवळच्या चुनखडीचा होता. पण त्या दगडात लोहाचा अंश निघाला, हवा लागली की डाग पडायचे. मग मार्बल फॉल्सजवळच्या ग्रॅनाइट माउंटनच्या मालकांनी तांबूस ग्रॅनाइट फुकट देऊ केला. दगड फुकट, पण तो फोडायचा कोणी? सरकारने तुरुंगातले कैदी लावले. पाथरवटांच्या संघटनेने त्याविरुद्ध कामावर बहिष्कार टाकला, तेव्हा ठेकेदाराने थेट स्कॉटलंडच्या ॲबरडीनहून साठेक कारागीर आणवले. परदेशातून करार करून मजूर आणायला १८८५ च्या कायद्याने बंदी होती, त्यामुळे खटला झाला आणि दंडही. मला विचाराल तर त्या लाल भिंतीपुढे फोटो काढताना घुमटाआधी हे कैदी आणि ते ॲबरडीनवाले आठवावेत. नाकारलेली चुनखडीही वाया गेली नाही. आतल्या, न दिसणाऱ्या भिंतींत ती आहेच.

इमारतीचं समारंभपूर्वक उद्घाटन १८८८ च्या मे महिन्यात झालं. आत गेल्यावर घुमटाखाली मधोमध उभं राहा आणि वर बघा. तिथला तारा तळहाताएवढा वाटतो, असतो आठ फुटांचा. मान मोडेपर्यंत मी बघत बसले होते, शेवटी मागच्या शाळकरी पोरांनी ‘एक्स्क्यूज मी’ म्हणून बाजूला केलं. पायाखाली टेक्सासवर राज्य केलेल्या सहा राजवटींच्या मुद्रा आहेत : स्पेन, फ्रान्स, मेक्सिको, टेक्सास प्रजासत्ताक, कॉन्फेडरेट राज्यं (यादवीच्या काळात अमेरिकेतून फुटून निघालेली दक्षिणेकडची राज्यं) आणि अमेरिका. मग एखाद्या जुन्या दाराशी जा आणि बिजागरी बघा. नक्षीदार, आणि त्यावर चक्क ‘टेक्सास कॅपिटॉल’ अशी अक्षरं! बिजागरीवरही नाव घालणारे लोक मला फार आवडतात. घाईतले पर्यटक तिच्याकडे ढुंकूनही बघत नाहीत.

गुडघ्यांसाठी : लिफ्ट आहे, प्रवेश आणि मार्गदर्शकासह फेरी दोन्ही मोफत. उत्तरेला जमिनीखाली १९९३ मध्ये केलेला विस्तार आहे. जुन्या वास्तूचं रूप झाकू नये म्हणून वर न चढता खाली खणलं. चालणं बरंच आहे, नाही जमलं तरी बिघडत नाही. विधिमंडळाचं नियमित अधिवेशन विषम वर्षांत जानेवारीपासून १४० दिवसांचं असतं. त्या काळात गेलात तर प्रेक्षक सज्जात बसून भांडणं ऐका, पायांना तेवढीच विश्रांती.

आणि घुमटावरची स्वातंत्र्यदेवी खालून बघून समाधान मानू नका. ती १९८६ मध्ये बसवलेली ॲल्युमिनियमची प्रतिकृती. जस्ताची मूळ देवी जवळच्या बुलक संग्रहालयात आहे. नाक-डोळे एवढे थोराड की यजमान दचकतील. शेकडो फुटांखालून चेहरा दिसावा म्हणून मुद्दामच तसे घडवलेत.