सासरे म्हणतात, आम्ही जन्मभर हेच पाणी प्यालो, काय झालं?

प्रश्न : आमचं बेळगावच्या शहापुरात पणजोबांच्या वेळचं घर आहे. न्हाणीची भिंत फोडली तर आतनं राखाडी, मऊ, हातानं वाकेल असा पाइप निघाला. प्लंबर म्हणतो शिशाचा आहे, पण पाणी उकळून प्या म्हणजे झालं. सासरे म्हणतात आम्ही जन्मभर हेच प्यालो, काय झालं? माझा मुलगा दोन वर्षांचा आहे आणि मला आता पाचवा महिना चालू आहे. काय करू?

उत्तर : ताई, प्लंबरचं ते उकळायचं आधी डोक्यातनं काढा. उकळल्यानं जंतू मरतात, शिसं काही मरत नाही आणि वाफेबरोबर जातही नाही, उलट पाणी आटतं आणि शिसं तेवढंच राहतं, म्हणजे उरलेल्या पाण्यात ते जास्तच होतं. त्यामुळं आजपासून प्यायला, चहाला, भाताला-आमटीला आणि खास करून बाळाच्या दुधाला त्या नळाचं पाणी नको. शहापुरातल्या जुन्या घरांच्या परसात विहीर असते, तुमच्यात असेल आणि पाणी चांगलं असेल तर घागरीनं शेंदून आणा, ते मात्र जंतूंसाठी उकळा, पण मोटर लावून त्याच जुन्या लाइनीतनं घरात घेतलं तर काय उपयोग? विहीर नसेल तर शेजाऱ्यांच्या नळाचं, तिथंही शिशाचा पाइप नाही ना एवढं बघून. आंघोळ, धुणीभांडी बिनधास्त करा, पाण्यातलं शिसं कातडीतनं आत जात नाही, फक्त पोरगं आंघोळ करताना पाणी पीत नाही ना ते बघा.

पाइप खरंच शिशाचा आहे का ते घरीच बघता येतं. एक रुपयाच्या नाण्यानं हळूच ओरखडा काढा, आतनं चांदीसारखं चकाकलं आणि लोहचुंबक चिकटला नाही तर शिसंच. चुंबक चिकटला तर तो जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी पाइप, आपल्याकडच्या जुन्या घरात जास्त करून तोच असतो. अख्खी शिशाची लाइन तशी क्वचितच सापडते, कॅम्पातल्या इंग्रजांच्या वेळच्या बंगल्यात वगैरे, बाकी ठिकाणी असलाच तर रस्त्यातल्या फेरूलपासून, म्हणजे मोठ्या पायपाला आपलं कनेक्शन जोडतात तिथनं, घरापर्यंतचा छोटा तुकडा असतो. बीडाच्या मोठ्या पायपांच्या जॉइंटातही शिसं ओतलेलं असतं, पण तिथं पाण्याला ते फारसं लागत नाही. पॉलिश पेपरनं घासू नका, धूळ उडते, आणि हात लावला की साबणानं धुवा.

आता सासऱ्यांचं. त्यांना उलट बोलू नका, पण शिसं तापासारखं येत नाही हो, की आज प्यालं आणि उद्या आजारी. ते हाडात साठत जातं. मोठ्या माणसाच्या मानानं लहान पोराचं अंग पोटात गेलेलं शिसं चारपाच पट जास्त शोषून घेतं आणि मार बसतो तो वाढत्या मेंदूवर, अभ्यासावर, लक्ष लागण्यावर. ते कुणाला दिसणार, पोरगं जरा मंद आहे म्हणून सोडून देतात. गरोदरपणी आईच्या हाडात साठलेलं शिसं रक्तात उतरतं आणि तिथनं बाळाकडं जातं, म्हणून तुमची घाई मला सासऱ्यांच्या अनुभवापेक्षा जास्त पटते. जागतिक आरोग्य संघटना म्हणते की अमुक इतकं शिसं चालेल अशी सुरक्षित पातळीच माहीत नाही. आपलं भारतीय मानक, आयएस 10500, लिटरमागं 0.01 मिलिग्रॅमच्या वर चालवून घेत नाही. आणि शिशाला ना रंग, ना वास, ना चव. डॉक्टरांना विचारून तुमची आणि मुलाची रक्तातल्या शिशाची टेस्ट करून घ्या.

पाणी कुठलं यावरही बरंच असतं. बेळगावला राकसकोप आणि हिडकल दोन्हीकडनं पाणी येतं, दोन्ही धरणांत सह्याद्रीच्या पावसाचं पाणी, आणि असलं पाणी सहसा मऊ, म्हणजे क्षार कमी असलेलं. मऊ पाणी शिसं जास्त विरघळवतं. अथणी-रायबागकडच्या जड बोअरच्या पाण्यानं पायपात आतनं क्षाराचा थर बसतो आणि शिसं थोडं झाकलं जातं, पण त्या थराच्या भरवशावर राहू नये. अमेरिकेत मिशिगन राज्यातल्या फ्लिंटला 2014 साली पैसे वाचवायला डेट्रॉइटचं पाणी सोडून फ्लिंट नदीचं घेतलं, पाइप खाऊ नये म्हणून पाण्यात घालायचं औषध घातलं नाही आणि जुन्या पायपांतलं शिसं घराघरात गेलं.

आपल्याकडं अजून बऱ्याच गल्ल्यांत पाणी रोज येत नाही, म्हणजे पाणी पायपात नुसतं तुंबून राहतं आणि जितकं तुंबेल तितकं शिसं जास्त. नवी लाइन होईपर्यंत तोच नळ वापरायची वेळ आलीच तर आधी काही मिनिटं सोडून द्या, ते पाणी बादलीत धरून धुण्याला घ्या. आणि गिझरचं गरम पाणी स्वयंपाकाला घेऊ नका, गरम पाण्यात शिसं लवकर उतरतं. फिल्टरचं विचारणारच तुम्ही, तर साधी कँडल आणि यूव्ही शिसं काढत नाहीत, आरओ काढतो, मेंब्रेन वेळेवर बदलला तर.

पाण्याच्या तपासणीला एनएबीएलची मान्यता असलेल्या लॅबला आधीच विचारा, शिसं तपासता का, कारण बऱ्याच ठिकाणी नुसतं जंतू आणि क्षार बघून रिपोर्ट देतात. रात्रभर बंद ठेवलेल्या नळाचं पहिलं पाणी एका बाटलीत आणि थोडं सोडल्यावरचं दुसऱ्या बाटलीत द्या.

बदलायचं तर सगळं बदला. अर्धा पाइप ठेवून अर्धा नवा जोडला की कापाकापीत आतला थर सुटतो आणि काही दिवस शिसं उलट वाढतं, नवा तुकडा तांब्याचा असेल तर जोडाशी गंज अजून जोरात चालतो. शिशाच्या पुढं जुना जीआय असेल तर त्याच्या गंजात शिसं बसलेलं असतं, तोही काढा. मीटरपासून रस्त्याकडचं काम बाहेरचं, त्याला महानगरपालिकेत अर्ज द्यावा लागतो, आपल्याच हातानं रस्ता उकरू नका. काम झालं की नळांच्या जाळ्या काढून धुवा, शिशाचे बारीक कण तिथंच अडकतात. जुना पाइप भंगारात घाला, चुलीवर वितळवून काही करायला जाऊ नका, पोरं घरात असताना तर नकोच.

प्रश्न : आम्ही खानापूरला नवीन घर बांधतोय. पीव्हीसीतही शिसं असतं म्हणतात, खरं का?

उत्तर : असायचं. पाइप उन्हा-उष्णतेनं खराब होऊ नये म्हणून शिशाचे क्षार मिसळायचे, त्याविरुद्ध केंद्रानं 2021 मध्ये नियम काढले. तुम्ही पिण्याच्या लाइनीला आयएसआय छापाचा सीपीव्हीसी (पीव्हीसीचाच, गरम पाणी सोसणारा प्रकार) घ्या, वर आयएस 15778 छापलेलं असतं. ड्रेनेजचे उरलेले तुकडे टाकीपासून किचनपर्यंत जोडून देणारे गवंडी असतात, उभं राहून बघा.

प्रश्न : निपाणीला आजीचा तांब्याचा बंब आहे, त्यातलं गरम पाणी आम्ही कधी कधी चहाला घेतो. चालेल ना?

उत्तर : नका घेऊ. जुन्या बंबाला जागोजागी डाख (सोल्डर) दिलेला असतो, त्यात कथलाबरोबर शिसं असायचं. आंघोळीला ठेवा, आंघोळ तर त्याच्याच पाण्याची. आणि पातेल्यांना कल्हई करताना कथील समोर उघडायला सांगा, त्यात शिसं मिसळलेलं असू शकतं, स्वस्तात कल्हई करून देतो म्हणाला तर जास्तच बघा.