नर्स नॅव्हिगेटरचा फोन आईंच्या हाती द्या

ताई,

आपल्या आईंना स्तनाचा कर्करोग झाला असून मुंबईत केमोचे दोन डोस झाले आहेत, हे तुमच्या पत्रातून कळले. रुग्णालयाने नेमून दिलेल्या नर्स नॅव्हिगेटर, म्हणजे उपचारांच्या वाटेवर रुग्णाला मार्ग दाखवणाऱ्या परिचारिका, नियमित फोन करतात. मात्र आईंना आजाराचे नाव सांगितलेले नसल्याने तुमचे बंधू तो फोन त्यांच्याकडे जाऊ देत नाहीत आणि ‘त्या काही डॉक्टर नव्हेत’ असे म्हणून तुम्हालाही फार बोलू देत नाहीत. अशा वेळी कोणाचे ऐकावे, असे तुम्ही विचारले आहे. माझे मत स्पष्ट आहे: तो फोन आईंनीच घ्यायला हवा.

बंधूंच्या म्हणण्यात तथ्य एवढेच, की औषध बदलणे, डोस ठरवणे किंवा आजार कितपत बरा होईल हे सांगणे या परिचारिकेचे काम नव्हे. ते डॉक्टरांनीच करावयाचे आहे. पण डॉक्टरांनी ठरवलेले उपचार रुग्णापर्यंत वेळेवर आणि न तुटता पोहोचावेत, यासाठीच ही भूमिका निर्माण झाली. न्यूयॉर्कमधील हार्लेम भागात गरीब स्त्रिया स्तनाचा कर्करोग बराच वाढल्यावर रुग्णालयात येतात, हे पाहून शल्यविशारद डॉ. हॅरोल्ड फ्रीमन यांनी 1990 मध्ये असे काम प्रथम सुरू केले. पैसे, कागदपत्रे, भीती आणि यंत्रणेविषयीचे अज्ञान यांमुळेही उपचार रखडतात, हे त्यांनी ओळखले होते. आपल्याकडे टाटा मेमोरियलने याच कामासाठी ‘केवट’ हा प्रशिक्षणक्रम उभा केला आहे.

आता मुख्य मुद्दा. केमोनंतर साधारण दुसऱ्या आठवड्यात रक्तातील पांढऱ्या पेशी सर्वांत कमी होतात, आणि त्या काळात 100.4 अंश फॅरनहाइट किंवा त्याहून अधिक ताप आला तर ती तातडीची बाब असते. घरीच तापाची गोळी देऊन सकाळपर्यंत थांबणे जिवावर बेतू शकते. अंगात कणकण आहे, तोंड आले आहे, बोटे बधिर झाली आहेत, हे सर्वांत आधी कळते ते आईंना. आपल्याला नेमके काय झाले आहे हेच ज्यांना ठाऊक नाही, त्या यांतील किती गोष्टी अशक्तपणा म्हणून अंगावर काढतील, याचा बंधूंनी शांतपणे विचार करावा. केस गळू लागल्यावर आणि भोवतालचे रुग्ण पाहिल्यावर आईंना काहीच उमगले नसेल, असे मला तरी वाटत नाही. बहुधा त्या तुम्हाला त्रास नको म्हणून गप्प असतील. बंधूंचे लपवणे मायेपोटी आहे यात शंका नाही, परंतु त्यामुळे आईंना स्वतःच्या भीतीविषयी बोलायला घरात कोणीच उरलेले नाही.

हे सांगण्याचे ओझे तुम्ही एकटीने उचलू नका. पुढच्या फोनवर त्या परिचारिकेला घरातील परिस्थिती मोकळेपणाने सांगा आणि पुढील भेटीच्या दिवशी डॉक्टरांसमवेत आईंशी बोलण्याची वेळ ठरवून मागा. आईंना किती जाणून घ्यायचे आहे, हे आधी त्यांनाच विचारले जाते आणि तेवढेच, त्यांच्या भाषेत सांगितले जाते. बंधूंनाही त्या वेळी सोबत बसवा.

पैशांच्या आणि मुक्कामाच्या अडचणी ‘लहान’ म्हणून टाळू नका. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेसाठी आरोग्यमित्रांना (योजनेच्या रुग्णालयातील मदतनिसांना) कोणती कागदपत्रे द्यायची, रेल्वे सवलतीचा दाखला कोणाकडून घ्यायचा, परळच्या नाना पालकर स्मृती समितीत किंवा दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत जागेसाठी काय करावे लागेल, हे त्या परिचारिकेला जरूर विचारा. उपचारांसाठी जाणाऱ्या कर्करुग्णाला स्लीपर आणि तृतीय वातानुकूलित वर्गात पूर्ण, तर सोबतच्या एका व्यक्तीला 75 टक्के सवलत मिळते, आणि दर खेपेला तिकिटाचा खर्च सोसणाऱ्या घराला ती मोठीच असते.

एक गोष्ट मात्र आजच करा: रात्री-अपरात्री ताप आल्यास कोणत्या क्रमांकावर फोन करायचा, हे त्या परिचारिकेला विचारून तो क्रमांक आईंच्या मोबाइलमध्ये आणि औषधांच्या डब्यावर लिहून ठेवा.