मूळ स्वरलिपी सापडली की जुना ऑपेरा पुन्हा उभा करता येतो का?

एकोणिसाव्या शतकातला विस्मृतीत गेलेला ऑपेरा पुन्हा रंगमंचावर आणायचा तर मूळ स्वरलिपी शोधली की काम झाले, असे आपल्या प्रश्नात गृहीत धरलेले दिसते. पुष्कळदा ती प्रत सापडतच नाही, आणि तिच्या जागी दुसऱ्यांनी बदललेली प्रत लोकांच्या कानांत पक्की बसलेली असते. फ्रेंच संगीतकार जॉर्ज बिझेच्या ‘ले पेशर द पेर्ल’ची, म्हणजे मोती काढणाऱ्या पाणबुड्यांच्या ऑपेराची, हीच गत झाली.

बिझे २४ वर्षांचा असताना, ३० सप्टेंबर १८६३ रोजी, तो पॅरिसमध्ये प्रथम सादर झाला. संगीतकार बर्लिओझने कौतुक केले, पण बहुतेक समीक्षकांनी नाके मुरडली; १८ प्रयोगांनंतर तो बंद पडला आणि १८७५ साली बिझे वारला तोवर पुन्हा लागला नाही. (श्रीलंकेतले हे पाणबुडे ब्रह्मदेवाला आळवतात, याचे आपल्याला हसू येते, पण कथा आधी मेक्सिकोत घडणार होती हे कळल्यावर तक्रार करण्यात अर्थ उरत नाही.)

बिझेचाच ‘कार्मेन’ हा ऑपेरा गाजल्यावर या कृतीला मागणी आली, तेव्हा नव्या आवृत्त्यांत मनसोक्त फेरफार झाले. शेवटच्या अंकात बेंजामिन गोदार या दुसऱ्या संगीतकाराच्या हातचे एक त्रिगीत घुसले. मूळ शेवटात जिवंत राहणारा, पाणबुड्यांचा प्रमुख झुर्गा नंतर कुठे भोसकला जातो, तर कुठे जाळला जातो. झुर्गा आणि त्याचा मित्र नादिर यांच्या युगुलगीताचा शेवट बिझेने मैत्रीच्या शपथेच्या वेगळ्या चालीने केला होता. तो कापून मुख्य चालच परत आणली गेली, आणि जगभर लाडके झालेले रूप ते हेच.

बिझेच्या हातची स्वरलिपी बेपत्ता असल्याने संपादकांची भिस्त १८६३ सालच्या दोन गोष्टींवर राहिली: गायकांचे स्वर आणि पियानोची साथ एवढेच असलेली छापील गायनप्रत आणि वाद्यवृंद चालवणाऱ्यासाठी केलेली संक्षिप्त प्रत. या दुसऱ्या प्रतीत संगीत मोजक्या ओळींत आवळलेले असले, तरी कुठे कोणते वाद्य वाजते याच्या खुणा आहेत. ही प्रत हाताशी नसल्याने १९७०च्या दशकात संगीतकार आर्थर हॅमंड यांना कापलेल्या भागांचे वाद्यलेखन, म्हणजे कोणते वाद्य काय वाजवणार हे ठरवणे, स्वतः करावे लागले होते. संगीत-अभ्यासक ह्यू मॅकडोनाल्ड यांच्या २०१४ साली प्रकाशित झालेल्या आवृत्तीला त्या खुणांचा मोठा आधार मिळाला.

माझ्या मते ऑपेराचा शेवट मूळचाच असावा, कारण एकटा मागे उरलेला झुर्गा त्या मरणांपेक्षा अधिक परिणाम करतो. युगुलगीताबाबत मात्र मी डळमळतो. परक्या हाताने केलेला बदल मला बिझेच्या शेवटापेक्षा सरस वाटतो. मूळ रूप गाणाऱ्या संचाने निदान कार्यक्रमपत्रिकेत तसे छापावे, नाहीतर गायकच चुकले असा प्रेक्षकांचा समज होतो.