रोज ४५ मिनिटं चालते, घड्याळ ४०० कॅलरी दाखवतं, खरंच एवढ्या जळतात का? आणि त्यात चरबी किती?

ताई, ४०० विसरा. वजन ७० किलो आणि वेग ताशी ५ किलोमीटर लिहिलाय तुम्ही, मग हिशोब असा की नुसतं बसलेला माणूस किलोमागं तासाला साधारण १ कॅलरी खर्चतो (खरं तर किलोकॅलरी, पण बोलताना सगळे कॅलरीच म्हणतात) आणि या चालीला त्याच्या साडेतीनपट लागतात, म्हणजे पाऊण तासात १८४ च्या आसपास. त्यातल्या ५२ तर सोफ्यावर बसूनही गेल्याच असत्या. उरल्या १३०. मूठभर शेंगदाणे! भाकरीसोबत शेंगाचटणी आणि वर तेल घेतलं की झाली वसुली, हे मी स्वतःलाच सांगतोय.

घड्याळ मोजतंय ठोके आणि खर्च ठरतो ऑक्सिजनवर, घोळ इथंच आहे. १ लिटर ऑक्सिजन वापरला की जवळपास ५ कॅलरी. मी होटगी रोडला तोच रस्ता त्याच वेगानं चालतो, डिसेंबरात ठोके ११० च्या आत, एप्रिलात निघायला उशीर झाला की १३० ला टेकतात आणि घड्याळ खुशाल कॅलरी वाढवून देतं. पाय काम करतात तेवढंच, पण अंग गार ठेवायला रक्त कातडीकडं वळतं, घामानं पाणी जातं, मग हृदयाला जास्त पळावं लागतं. उन्हानं चरबी वितळत असती तर सोलापुरात जाड माणूस औषधाला सापडला नसता.

खरं मोजायचं तर तोंडावर मास्क लावून. मी पुण्यात एका लॅबमध्ये केलीय ती टेस्ट, रबरी मास्क इतका आवळला होता की नाकावर वळ उठला, आणि ट्रेडमिलवर चालताना श्वासातला ऑक्सिजन किती वापरला, कार्बन डायऑक्साइड किती सोडला हे मशीन सतत मोजत होतं. दुसऱ्याला पहिल्यानं भागलं की इंधन कळतं: ०.७ म्हणजे जवळपास सगळी चरबी, १ म्हणजे सगळी साखर, ०.८५ म्हणजे निम्मं निम्मं. माझा आकडा सावकाश चालतानाच ०.९३, ती बाई म्हणाली काय खाऊन आलात? तर स्टँडवर पुरीभाजी आणि दोन गोड चहा. परत उपाशीपोटी बोलावलं, त्याच वेगाला ०.८२ आला.

आता तुमची चरबी. निम्मी धरा, १८४ मधल्या ९२, ग्रॅमला ९ कॅलरी, म्हणजे १० ग्रॅम. ट्रेडमिलवरच्या त्या ‘फॅट बर्न’ बटणाच्या नादाला लागून मुद्दाम हळू चालू नका, हळू चालताना चरबीचा वाटा टक्क्यांत मोठा दिसतो पण एकूण खर्चच कमी असतो, आणि व्यायामात साखर जास्त जळली तर नंतर दिवसभरात शरीर चरबीकडं वळतं, शेवटी वजन बघतं ते दिवसभराचं खाणं आणि खर्च.

आणि हो, पावसाळ्यात जिमला जाल तेव्हा ट्रेडमिलचा दांडा धरून चालू नका, भार हातावर जातो, खर्च कमी होतो आणि स्क्रीन मात्र तेच आकडे पळवत राहते.