निविदा बाद झाली, पण दुसरा लिफाफा अजून बंद आहे

प्रश्न : मी बीड जिल्ह्यातली स्थापत्य अभियंता. वडील ठेकेदार होते, त्यांच्या पश्चात मी स्वतःच्या नावावर नोंदणी घेतली. आमच्या नगर परिषदेने घरकुल वसाहतीतले सिमेंट रस्ते, नाल्या आणि समाजमंदिर अशा ८४ लाखांच्या कामाची ई-निविदा काढली. नगर अभियंत्याच्या सहीचा जागा-पाहणी दाखला जोडावा, अशी त्यात अट होती. मी दोनदा कार्यालयात गेले, साहेब भेटले नाहीत. शेवटी ईमेलने दाखला मागितला, जागेवर जाऊन फोटो काढले आणि ते जोडून मुदतीत निविदा भरली. गुरुवारी लिफाफा क्रमांक एक, म्हणजे पात्रतेच्या कागदपत्रांचा, उघडला. दाखला नाही म्हणून मी बाद. उरलेल्या दोन निविदा सख्ख्या भावांच्या आहेत. येत्या बुधवारी दुसरा, म्हणजे दरांचा, लिफाफा उघडणार. मध्यस्थाकडून निरोप आलाय, "दोन टक्के घ्या अन् विषय सोडा." कोर्टात गेले तर काम रखडेल आणि वस्तीतले लोक मलाच बोल लावतील, असं घरचे म्हणतात. काय करू? आणखी एक : मामांच्या गावात प्रधानमंत्री आवास योजनेची सगळी घरकुलं एकाच ठेकेदाराला द्या म्हणून ग्रामपंचायत मागे लागली आहे. हे चालतं का?

उत्तर : ताई, आधी त्या दोन टक्क्यांचं बोलू, कारण तिथे चूक झाली तर पुढचं सगळं फोल ठरेल. पैसे घेऊन निविदेतून बाजूला होणं किंवा गप्प बसणं हा नुसता आपसातला समझोता नसतो. निविदेतली स्पर्धा संपवणारा किंवा कमी करणारा करार म्हणजे स्पर्धा अधिनियम, २००२ च्या कलम ३ प्रमाणे निविदेतली मिलीभगत. देणारा जेवढा अडकतो तेवढाच घेणारा. आज ज्या भावांविरुद्ध तुम्ही बोलताय, उद्या त्यांच्याच रांगेत तुमचं नाव लागेल. त्या मध्यस्थाला फोनवर काही सांगू नका. निरोप व्हॉट्सॲपवर आला असेल तर पुसू नका. आणि कार्यालयातल्या कुणी पैसे मागितले असतील, तर लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा १०६४ हा क्रमांक आहे.

आता बुधवारचं. माझ्याकडे निविदेची जी प्रकरणं येतात, त्यातली बरीचशी कायद्यावर हरत नाहीत, उशिरावर हरतात. १९७९ चा रमणा शेट्टी खटला आम्ही वकील उठता-बसता सांगतो. मुंबई विमानतळावरच्या उपाहारगृहाची निविदा होती, आणि पात्रतेची अट पूर्ण न करणाऱ्याला काम दिलं गेलं. सर्वोच्च न्यायालयाने ठणकावून सांगितलं की सरकारी यंत्रणेने स्वतः घातलेले निकष तिलाही बांधून ठेवतात. पण हे तत्त्व ज्याच्या खटल्यातून आलं त्या माणसाला न्यायालयाने दिलासा दिला नाही. त्याने निविदा मंजूर झाल्यावर पाच महिन्यांहून जास्त काळाने याचिका केली होती, आणि काम मिळालेल्याने तोवर खर्च करून टाकला होता. तुमच्याकडे पाच महिने नाहीत, बुधवारपर्यंतचा वेळ आहे. एकदा कार्यारंभ आदेश निघाला आणि जागेवर खडी पडली, की तुमची बाजू निम्म्याने हलकी होते.

तुमच्या बाजूतली लंगडी जागाही सांगतो. दाखल्याची अट निविदेत पहिल्यापासून होती आणि ती वाचूनच तुम्ही निविदा भरली. समोरचा वकील पहिल्याच मिनिटाला म्हणेल : अट मान्य करून भाग घेतला, आता बाद झाल्यावर अट वाईट कशी? हा युक्तिवाद न्यायालयं बऱ्याचदा मान्य करतात. म्हणून "ही अटच बेकायदा आहे" हा तुमचा मुख्य मुद्दा करू नका. मुख्य मुद्दा असा करा की अट पाळायला मी तयार होते, मुदतीत लेखी मागणी केली, आणि दाखला देणं ज्याच्या हातात होतं त्याने तो दिला नाही. स्वतः दाखला अडवायचा आणि मग दाखला नाही म्हणून बाद करायचं, हे राज्यघटनेच्या अनुच्छेद १४ पुढे, म्हणजे समानतेच्या हक्कापुढे, टिकणं अवघड आहे. तुमचा तो ईमेल सोन्याच्या मोलाचा आहे, फक्त तो निविदेच्या शेवटच्या तारखेआधी गेलेला असला पाहिजे.

त्याला जोड पोद्दार स्टील (१९९१) या निकालाची. निविदेतल्या अटी दोन जातीच्या असतात : पात्रतेच्या मूळ अटी, आणि मुख्य हेतूला पूरक म्हणून घातलेल्या दुय्यम अटी. दुय्यम अटीत यंत्रणा ढील देऊ शकते. ठेकेदाराने जागा पाहून दर भरावा एवढाच पाहणी दाखल्याचा हेतू. जागा तुम्ही पाहिलीत, फोटोंवर तारीख आणि ठिकाण आहे. दाखल्याची सक्ती असली की कोण कोण निविदा भरणार हे आधीच कार्यालयाला कळतं, आणि कार्यालयाला कळलं की गावाला कळतं. ई-निविदेत नावं उघडेपर्यंत गुप्त ठेवण्याचा सगळा अर्थच त्यातून जातो. माझं स्पष्ट मत आहे की लहान ठेकेदाराला, त्यातही नव्याने या धंद्यात आलेल्या बाईला, दारातच अडवायला यासारखं दुसरं हत्यार नाही.

घरच्यांची काळजी मात्र खरी आहे, आणि कायदाही तिच्याच बाजूने उभा आहे. निविदेत हात घालण्याआधी न्यायालय दोन गोष्टी बघतं : प्रक्रिया मनमानी किंवा दुष्ट हेतूची होती का, आणि सार्वजनिक हिताला धक्का बसतो का. हे जगदीश मंडल खटल्यापासून पक्कं झालंय. पुढे २०२२ च्या एन. जी. प्रोजेक्ट्स निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की पायाभूत कामांना स्थगिती देताना उच्च न्यायालयांनी हात आखडावा, अन्याय झालाच असेल तर नुकसानभरपाईचा मार्ग दाखवावा. विनिर्दिष्ट अनुतोष कायद्यात (स्पेसिफिक रिलीफ ॲक्ट) २०१८ ला आलेलं कलम २०-अ दाव्यांमध्ये अशा प्रकल्पांना मनाई देऊ नये म्हणतं, आणि त्याच्या यादीत परवडणारी घरंही आहेत.

म्हणून काम थांबवा अशी मागणीच करू नका. माझाही लिफाफा क्रमांक दोन त्या दोघांच्या बरोबर उघडा, एवढंच मागा. ही मागणी मान्य झाली तर काम एक दिवसही अडत नाही, वस्तीतल्या नाल्या पावसाळ्याआधी होण्याच्या आड तुम्ही येत नाही, आणि नगर परिषदेला तीन दर समोर मिळतात. तुमचा दर कमी निघाला तर पैसा वाचतो तो जनतेचा. न्यायाधीशांना नाही म्हणायला कारण उरत नाही अशी मागणी बांधणं, हेच या प्रकरणात वकिलाचं खरं काम. पर्यायी मागणी ठेवा की पुढची प्रक्रिया याचिकेच्या निकालाच्या अधीन राहील.

क्रम असा ठेवा. उद्याच मुख्याधिकाऱ्यांना लेखी हरकत द्या, आवक क्रमांकासह पोच घ्या, तीच ईमेलनेही पाठवा. बाद करण्याची कारणं लेखी मागा. केंद्राचे सर्वसाधारण वित्तीय नियम, २०१७ नगर परिषदेला थेट लागू होत नाहीत, तरी त्यातल्या नियम १७३ चा दाखला द्या : निविदाकाराला हरकत घेता आली पाहिजे आणि विचारल्यावर नाकारण्याचं कारण सांगितलं पाहिजे. हरकतीची एक प्रत जिल्हाधिकाऱ्यांना. नगर परिषद अधिनियम, १९६५ च्या कलम ३०८ खाली बेकायदा आदेश किंवा ठराव निलंबित करण्याचा अधिकार त्यांच्याकडे आहे. त्यांच्या निर्णयाची वाट बघत मात्र बसू नका. सोमवारी उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात अनुच्छेद २२६ ची (रिट) याचिका दाखल होऊन मंगळवारी तातडीने पुकारली गेली पाहिजे. त्या दोन्ही भावांच्या फर्मना प्रतिवादी करायला विसरू नका. त्यांना न ऐकता त्यांच्या विरोधात जाणारा आदेश टिकत नाही, आणि ही उणीव राहिली की तारीख पडते.

दोघे भाऊ आहेत एवढ्यावर मिलीभगत सिद्ध होत नाही. भावाभावांचे धंदे वेगळे असू शकतात. बघायचं ते हे : बयाणा रक्कम एकाच खात्यातून गेली का, दोघांच्या दरपत्रकात टायपिंगची सारखीच चूक आहे का, निविदा एकाच आयपी पत्त्यावरून चढल्या का. शेवटची गोष्ट आपल्याच भागात गाजलेली आहे. छत्रपती संभाजीनगर महापालिकेच्या प्रधानमंत्री आवास योजनेच्या निविदेत एकाच आयपी पत्त्यावरून निविदा भरल्याचा आरोप झाला, २०२३ मध्ये गुन्हा नोंदला गेला आणि ईडीचे छापेही पडले. महाटेंडर्स या राज्याच्या ई-निविदा पोर्टलची यंत्रणा केंद्राच्या एनआयसी या संगणक संस्थेची असल्याने ही नोंद नगर परिषदेने तिकडून मागवावी, असं हरकतीतच लिहा. माहिती अधिकाराचा अर्जही टाका, पण उत्तराला ३० दिवस लागतात, तेव्हा बुधवारसाठी त्यावर भिस्त नको. ती माहिती दिल्लीच्या स्पर्धा आयोगाकडे जाताना कामी येईल. तिथे तीन वर्षांची मुदत आहे, घाई नाही, आणि याचिकेत हा मुद्दा एका परिच्छेदापलीकडे ताणू नका.

मामांच्या गावाचं उत्तर सोपं आहे : चालत नाही. ग्रामीण आवास योजनेत सपाट भागात १ लाख २० हजार रुपये हप्त्याहप्त्याने लाभार्थ्याच्या स्वतःच्या खात्यात येतात आणि घर त्याने स्वतः बांधायचं असतं. ठेकेदार नेमायचा नाही, असं योजनेच्या मार्गदर्शक सूचनाच सांगतात. मामांना पैसे काढण्याच्या कोऱ्या स्लिपवर सही करू नका म्हणावं.

येताना निविदा सूचना, पूर्ण निविदा संच, शुद्धिपत्रकं निघाली असतील तर तीही, निविदा भरल्याची पोर्टलची पावती आणि बाद केल्याचा शेरा दिसणाऱ्या पानाची छापील प्रत आणा. ज्या फोनने जागेचे फोटो काढले तो फोनही आणा. भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ चं, म्हणजे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी लागणारं, प्रमाणपत्र त्या मूळ फोनवरून तयार करावं लागेल, म्हणून तोवर फोन बदलू नका, फॉरमॅट करू नका, फोटो दुसरीकडे हलवून मूळ पुसू नका.