क्रिमिनॉलॉजीसाठी ३० लाखाचं लोन काढावं का? तासगावच्या एका मुलीला उत्तर

तू विचारलंस की दादा, इंग्लंडला एमएससी क्रिमिनॉलॉजीला (म्हणजे गुन्हेगारीशास्त्राला) ॲडमिशन मिळालीय, सप्टेंबर २०२६ ला जायचंय, फी साडेअठरा हजार पौंड, पप्पा सांगलीतलं घर तारण ठेवून ३० लाख काढायला तयार आहेत, तर फिटेल का? मी पण २०२१ ला तासगावातूनच हाच कोर्स करायला आलो, आज बर्मिंगहॅमला एका कंपनीत फ्रॉड तपासायच्या टीममध्ये आहे आणि लोन अजून चालूच आहे. त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

आधी खर्च बघ. लंडनबाहेर राहणार असलीस तरी व्हिसासाठी महिना १,१७१ पौंड असे ९ महिन्यांचे पैसे खात्यावर दाखवावे लागतात, ते साडेदहा हजार, फी धरून २९ हजार, पौंड १२० रुपयांनी धरला तर पावणेपस्तीस लाख झाले, शिवाय तिथल्या सरकारी आरोग्यसेवेसाठी व्हिसासोबत भरायचा हेल्थ सरचार्ज १,१६४ पौंड वेगळा. ३० लाख, ११ टक्के, १० वर्षं, हप्ता साधारण ४१ हजार असं बँकेत सांगतील. पण शिकताना आणि नंतरचं वर्षभर हप्ता नसला तरी व्याज चालू असतं. सगळी रक्कम एकदम उचलली तर दोन वर्षांत ते साडेसहा लाख होतं, आणि मुद्दलात मिळवलं की हप्ता जातो ५० हजारावर.

माझं लोन २२ लाखाचं होतं आणि वडिलांनी ठरवलं की व्याज साठू द्यायचं नाही, म्हणून महिन्याला १९ हजाराच्या आसपास तेच भरायचे. त्या डिसेंबरात अवकाळीनं द्राक्षाची बाग गेली. बेदाण्याची पट्टी (विक्रीच्या हिशोबाचा कागद) आली की आई तिच्याच मागच्या बाजूला पेनानं बँकेचा आकडा लिहायची आणि उरलेल्यात औषधं, मजुरी, घर बसवायची. मला हे दीड वर्षानं बहिणीकडून कळलं. अजून ते आठवलं की मला झोप येत नाही, म्हणून सांगतोय, घरात हे आत्ताच उघड बोला.

आता कमाई. इथं वर्षाला २८ हजार पौंडांची नोकरी लागली तर टॅक्स जाऊन हातात महिन्याला १,९७० च्या आसपास येतात, त्यातनं खोली, जेवण, बस जाऊन ४२० पौंडांचा हप्ता ओढाताण करून निघतो. खरी अडचण व्हिसाची आहे. शिक्षण झाल्यावर मिळणारा ग्रॅज्युएट व्हिसा पूर्वी दोन वर्षांचा होता, १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्यांना दीडच वर्षाचा, म्हणजे तुला दीडच. त्यापुढं राहायचं तर कंपनीची स्पॉन्सरशिप, म्हणजे कंपनीनं तुझ्या व्हिसाची जबाबदारी घेणं, हवी आणि वर्षाचा पगार किमान ४१,७०० पौंड, नवीन पदवीधराला सवलत धरून ३३,४००. म्हणजे २८ हजारात हप्ता निघेल पण राहता येणार नाही. मी फेब्रुवारी २०२४ ला व्हिसा बदलला तेव्हा ही पगाराची मर्यादा २६,२०० होती, नवख्याला त्याहून कमी, आणि एप्रिलमध्ये ती एकदम ३८,७०० झाली. मी दोन महिन्यांनी वाचलो गं, त्यामुळे माझं बघून तू ठरवू नकोस.

आणि विषयच असा आहे की मोठी भरती पोलिसांत, आणि इंग्लंडमध्ये पोलिसात जायला कायमस्वरूपी राहायची परवानगी लागते. माझ्या वर्गातल्या इथल्या मुली पोलिसात लागल्या, आपल्याला ते दार बंदच. उरतं बँकांचं फ्रॉड, केवायसी, मनी लॉन्डरिंगचं काम, आणि तिथं इंटरव्ह्यूला मला एक्सेल आणि एसक्यूएल (डेटाबेसमधनं माहिती काढायची भाषा) विचारलं, डिग्रीतला एक शब्द कुणी विचारला नाही.

म्हणून माझं मत, पौंडातला पगार धरून हिशोब करूच नकोस. समजा दीड वर्षानं परत यावं लागलं आणि पुण्यात ३०-३५ हजाराची नोकरी लागली, तर हप्ता त्यातनं सुटला पाहिजे. शिकतानाचं व्याज साठू न देता भरत गेलात तर १२ लाखाला साडेसोळा हजार येतो, तिथपर्यंत मी हो म्हणेन, ३० लाखाला घर तारण ठेवून अजिबात नाही.

विषय आवडतो हे मला दिसतंय, तो सोड असं मी म्हणत नाही. मुंबईला टीआयएसएसमध्ये (टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस) सोशल वर्कच्या एमएमध्ये क्रिमिनॉलॉजी अँड जस्टिस आहे, नॅशनल फॉरेन्सिक सायन्सेस युनिव्हर्सिटीच्या दिल्ली कॅम्पसला पण क्रिमिनॉलॉजी शिकवतात, तिथं अर्ज कर. (फॉरेन्सिक लॅबचं काम डोक्यात असेल तर त्याला सायन्स लागतं, तुझं बीए आहे.) मग दोन वर्षं नोकरी करून चेव्हनिंगला अर्ज कर, ती ब्रिटिश सरकारची स्कॉलरशिप आहे, फी आणि राहण्याचा खर्च दोन्ही देतात, नंतर दोन वर्षं मायदेशी राहायची अट आहे एवढंच.

युनिव्हर्सिटीचं डिपॉझिट अजून भरलं नसशील तर थांब. ऑफर लेटर आणि बँकेचं सँक्शन लेटर दोन्हीचे फोटो पाठव, आणि रविवारी तुमच्याकडं संध्याकाळी सातनंतर फोन कर, पप्पांना शेजारी बसव, मी त्यांच्याशी बोलतो.