जाताना आठ, येताना सात

प्रश्न : लंडनहून न्यूयॉर्कला जाताना आठ तास लागले, परत येताना जेमतेम सात. पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते, म्हणजे पश्चिमेला निघालं की न्यूयॉर्कच आपल्याकडे सरकत यायला हवं ना? शिवाय अंतर साडेपाच हजार किलोमीटर आणि विमानाचा वेग नऊशे, म्हणजे हिशेबाने सहाच तास होतात. मग हे गणित जुळत का नाही?

उत्तर : पृथ्वीची शंका आधी मिटवू. पृथ्वीबरोबर तिची हवाही फिरते आणि विमान त्या हवेतच असतं. तसं नसतं तर हेलिकॉप्टर नुसतं वर नेऊन थांबवायचं, गाव आपोआप खाली आलं असतं!

फरक पडतो तो वाऱ्यामुळे. नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाऱ्याचा एक जोरकस पट्टा वाहतो, त्याला जेट स्ट्रीम म्हणतात. तुमचे नऊशे किलोमीटर हा विमानाचा हवेतला वेग. जमिनीवरून मोजायचा तर त्यात वारा मिळवायचा किंवा त्यातून वजा करायचा.

हा हिशेब करण्यातच माझी सगळी नोकरी सरली. विमान सुटण्याआधी त्याचा मार्ग आणि इंधन ठरवायचं काम. वाऱ्याच्या नकाशावर एक काडी आणि तिच्या टोकाला पिसं असतात : भरीव त्रिकोण म्हणजे पन्नास नॉट (वाऱ्याचा वेग मोजायचं एकक), लांब रेघ म्हणजे दहा, आखूड रेघ म्हणजे पाच. पहिल्याच आठवड्यात मी त्या पिसांना झेंडा समजलो. झेंडा वाऱ्याच्या दिशेने फडकतो. ही पिसं मात्र वारा जिकडून येतो तिकडच्या टोकाला असतात, बाणाच्या शेपटीसारखी. त्यामुळे समोरचा वारा मी पाठीमागचा धरला आणि इंधन कमी काढलं. वरिष्ठांनी कागद पाहिला, काही न बोलता पेन्सिलीने काडीवर बाणाचं टोक काढलं आणि कागद परत माझ्यापुढे सरकवला. ती पेन्सिलीची खूण अजून डोळ्यांपुढे आहे.

आता आकडे घ्या. अंतर ५,५५० किलोमीटर, वारा ताशी १५० धरू. जाताना वेग ७५० उरतो, म्हणजे ७ तास २४ मिनिटं. येताना १,०५०, म्हणजे ५ तास १७ मिनिटं. वारा नसता तर एकेका बाजूला ६ तास १० मिनिटं लागली असती. दोन्ही बेरजा करून पाहा : वाऱ्यामुळे फेरीला २१ मिनिटं जास्तच लागतात. जाताना जे गेलं ते येताना पुरतं परत मिळत नाही, कारण विरुद्ध वाऱ्यात विमान जास्त वेळ अडकतं. हे गणित मला आजही गोड वाटतं.

वारा रोज बदलतो म्हणून अटलांटिकवरचे मार्गही रोज नव्याने आखले जातात. फेब्रुवारी २०२० मध्ये वादळी वाऱ्याच्या जोरावर एक विमान न्यूयॉर्कहून लंडनला ४ तास ५६ मिनिटांत पोचलं होतं.

तिकिटावरच्या वेळा वजा करून प्रवास मोजू नका, त्या दोन्हीकडच्या स्थानिक वेळा असतात. एरवी पाच तासांचा फरक. पण अमेरिकेत घड्याळं मार्चमध्ये आधी पुढे होतात, ब्रिटनमध्ये महिनाअखेरीस, म्हणून मधले दोन-तीन आठवडे तो चारच तासांचा असतो.

राहिला तुमच्या सहा तासांचा प्रश्न. वेळापत्रकातला वेळ गेटपासून गेटपर्यंतचा असतो. धावपट्टीकडे रांगेत सरकणं, उतरण्याआधी घिरट्या घालणं, सगळं त्या आठ-सात तासांत धरलेलं आहे.